श्रद्धावंताचा प्रश्न : प्रस्तावना

अध्यात्माच्या क्षेत्रात गुरूच्या वचनावर कितपत विसंबावे आणि कोठे थांबून त्याला प्रश्न करावा, हा विषय आपल्या समाजात ज्या ज्या वेळी निघतो त्या त्या वेळी दोन ठरीव उत्तरे पुढे येतात आणि चर्चा तेथेच खुंटते. एक पक्ष सांगतो की गुरुवाक्याची चिकित्सा करणे हे शिष्यत्वाला लागलेले किटाळ होय. दुसरा पक्ष सांगतो की माणसाने माणसाला गुरू मानावे हीच बुद्धीची दास्यवृत्ती आहे. पहिला पक्ष आपल्या हाती परंपरेची सनद आहे असे मानतो, दुसरा विवेकाची. पुढील पृष्ठांत जे विवेचन केले आहे त्याचा हेतू या दोन्ही सनदा पुन्हा एकवार उलगडून वाचाव्या हा आहे; कारण परंपरेच्या दप्तरात प्रश्नकर्त्यांची नावे मोठ्या मानाने नोंदलेली आढळतात, आणि विवेकाच्या बाजूने ज्यांनी मोठे झगडे दिले त्यांतील कित्येक जण मुळात श्रद्धावंत होते, या गोष्टीचे विस्मरण दोन्ही पक्षांना सारखेच झालेले आहे. गुरूला प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क श्रद्धा ठेवणाराचा आहे आणि ते त्याचे पहिले कर्तव्यही आहे, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य होय.

परंतु प्रश्नाचा कैवार घेण्यापूर्वी श्रद्धेची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, गीतेने ज्ञानाची लक्षणे सांगताना केवळ एका पदाने उल्लेखिलेल्या आचार्योपासनेवर ज्ञानदेवांनी जो विस्तार केला आहे तो वाचताना, ज्याच्या चित्तात गुरुभक्तीचा उमाळा कधी आलेला नाही अशा वाचकालाही आपण एका मोठ्या अनुभवाला पारखे राहिलो आहोत असे वाटल्यावाचून राहत नाही. या समर्पणाला आधारही भक्कम आहे. बाहेरच्या वस्तूची पारख करताना पारख करणाराचे माप स्थिर असते. अध्यात्मात मात्र ज्या चित्ताची घडण पालटावयाची तेच चित्त न्यायाधीशाच्या आसनावर बसलेले असते, आणि ज्या अहंकाराचा निरास व्हावयाचा तोच पुष्कळदा संशयाचे सोज्ज्वळ रूप घेऊन आडवा येतो. आपल्यापेक्षा अधिक पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर काही काळ भिस्त ठेवून चालल्याशिवाय ही अडचण ओलांडता येत नाही, हा साधकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो भोळेपणात जमा करून मोकळे होणे विचारी माणसाला शोभणारे नाही. मात्र याच ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ हे त्यांचे सख्खे वडील बंधू होते. त्या दोघांच्या मध्ये गादी नव्हती, मठ नव्हता, इनाम नव्हते की नजराणे नव्हते. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने ज्यांना वाळीत टाकले त्या भावंडांच्या घरातले ते गुरुत्व होते. मराठीतील समर्पणाचे सर्वोच्च वर्णन ज्या संबंधातून जन्माला आले त्या संबंधात गुरूला शिष्याकडून मिळवावयाचे असे काहीच नव्हते. हा योगायोग मानून पुढे जाणे मला अशक्य वाटते.

आता आज्ञापालनाचे जे उदाहरण आपल्याकडे शतकानुशतके सांगितले जाते त्याकडे वळू. महाभारताच्या आदिपर्वात आणि त्यावरून पुढे गुरुचरित्रात धौम्य ऋषींच्या शिष्यांची कथा येते. शेताचा बांध फुटला, पाणी आवरेना, तेव्हा गुरूची आज्ञा मोडू नये म्हणून आरुणी स्वतःच त्या खिंडारात आडवा पडून राहिला, आणि गुरूंनी हाक मारताच उठला तेव्हा त्याला उद्दालक हे नाव मिळाले. पारायणाच्या प्रसंगी ही कथा ऐकणारा भाविक येथे हात जोडतो, आणि तेही योग्यच आहे. परंतु कथा येथे संपत नाही, याची त्याला बहुधा कोणी आठवण करून देत नाही. परंपरेने उपनिषदांतला उद्दालक आरुणी तो हाच मानला आहे. छांदोग्यात हा उद्दालक पिता म्हणून भेटतो: बारा वर्षे गुरुगृही राहून, सर्व वेद पढून, मोठ्या ताठ्याने परत आलेल्या श्वेतकेतूला तो विचारतो की, ज्याच्या ज्ञानाने न ऐकलेलेही ऐकल्यासारखे होते ते तत्त्व तू आपल्या आचार्यांना विचारलेस काय? मुलगा उत्तर देतो की माझ्या पूज्य आचार्यांना ते ठाऊकच नसावे, नाहीतर त्यांनी ते का सांगितले नसते? या उत्तरावर पिता रागावत नाही, गुरुनिंदा झाली म्हणून कानांवर हात ठेवीत नाही. तो वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, पाण्यात मीठ विरघळवून ते चाखावयास लावतो, आणि प्रत्येक पायरीवर मुलगा 'मला अधिक समजावून सांगा' असे म्हणत राहतो. हाच उद्दालक जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न करणारांत उभा दिसतो. आणि प्रवाहण जैवलीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला येत नाहीत असे आढळताच, स्वतः आचार्य असूनही आणि समोरचा क्षत्रिय असूनही, त्या राजाकडे विद्यार्थी म्हणून जातो. बांधावर आडवा पडलेला शिष्य आणि 'मला हे ठाऊक नाही' असे म्हणू शकणारा गुरू ही एकाच नावाची दोन रूपे आहेत. ज्यांनी शिष्यांना केवळ पहिले रूप शिकविले त्यांनी आरुणीचे अर्धेच चरित्र सांगितले, असे म्हणावे लागते.

उपनिषदांतील गुरुत्वाचा शिरस्ताच असा होता. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलादाकडे येतात, तेव्हा तो त्यांना वर्षभर तप आणि ब्रह्मचर्य यांनी राहावयास सांगतो, मग हवे ते प्रश्न विचारण्याची मुभा देतो, आणि आम्हांला ठाऊक असेल तर सर्व सांगू अशी पुस्ती जोडतो. तैत्तिरीयाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य बजावतात की आमच्या आचरणातले जे चांगले असेल तेवढेच तू अंगीकारावे, इतर नव्हे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या बरोबरीने परिप्रश्न घातला आहे. महाभारतातच, अंबेच्या प्रकरणी गुरू परशुरामाची आज्ञा आपल्या व्रताशी विसंगत आहे असे दिसल्यावर भीष्म, प्रथम प्रणाम करून आणि मग शस्त्र उचलून, त्याच्याशी युद्धाला उभा राहतो. मार्ग सोडून चाललेल्या गुरूचा त्याग करावा, असे वचन तो आपल्या समर्थनार्थ सांगतो. त्याच महाभारतात एकलव्याचा अंगठाही आहे. द्रोणाने जी दक्षिणा मागितली तिच्यात विद्येचा संबंध नव्हता, राजपुत्राला दिलेला शब्द राखण्याची सोय होती. आणि ज्या शिष्याला दारातून परत पाठविले त्याच्याकडून ती वसूल केली गेली. ही कथा गुरुभक्तीचा आदर्श म्हणून मुलांना सांगताना गुरूच्या वर्तनाविषयी आपण जे मौन पाळतो ते मौन आदराचे नाही.

बुद्धाने तर परीक्षेचा हा हक्क स्वतःवरच लागू करून दाखविला. कालामांना त्याने केलेला उपदेश आता बराच परिचित झाला आहे. परंतु मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्त त्याहूनही पुढे जाते, आणि आपल्याकडे ते त्या मानाने फारच थोड्यांनी वाचलेले आहे. ज्या भिक्खूला दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान नाही त्याने तथागताची परीक्षा कशी करावी, याचा तपशील तेथे खुद्द तथागतच देतो: डोळ्यांना जे दिसते आणि कानांना जे ऐकू येते त्यावरून पाहावे, त्यात मलिनता आहे काय हे तपासावे, त्याची शुद्धता जुनी आहे की आजकालची हे पाहावे, आणि कीर्ती पसरल्यानंतर त्याच्यात काही दोष शिरले काय हेही पाहावे, कारण काही दोष प्रसिद्धीपूर्वी नसतात व प्रसिद्धीनंतरच उद्भवतात. इतके झाल्यावर त्याला समक्ष विचारावे, आणि मग जी श्रद्धा बसेल ती मुळे धरलेली, कारणांनी युक्त अशी श्रद्धा होय. कीर्तीनंतर येणाऱ्या दोषांची ही नोंद अडीच हजार वर्षे जुनी आहे, तरी आजच्या कोणत्याही मठाच्या वा आश्रमाच्या दारावर ती लावावी इतकी ताजी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात, जो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, बुद्ध हा मार्गदाता होता, मोक्षदाता नव्हे, या गोष्टीवर भर दिला तो याच सूत्राला धरून. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या लाखो लोकांनी त्यांच्या मागोमाग धम्म स्वीकारला त्यांच्या हाती त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, म्हणजे प्रत्येकाने स्वतः पाळावयाचा आचार दिला.

मराठी संतपरंपरेत या विषयाची सर्वांत मोलाची साक्ष मला बहिणाबाईंची वाटते, आणि म्हणून ग्रंथात तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. देवगावच्या ब्राह्मण घरात १६२८ साली जन्मलेली, लहानपणीच वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराला दिलेली ही मुलगी कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकते, त्यांचा ध्यास घेते, आणि स्वप्नात त्यांच्याकडून तिला अनुग्रह होतो. कर्मठ पती खवळतो. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्राला गुरू करावे हे त्याला सोसत नाही, आणि तो तिला मारझोडही करतो. पुढे तोच पालटतो, सारे कुटुंब देहूला येते, आणि तेथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीच्या छळाला तोंड देते. हे सर्व तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः नोंदविले आहे. तिच्या चरित्रात श्रद्धा आणि प्रश्न यांची फारकत करूच म्हटले तरी करता येत नाही. तुकोबांवर तिने ठेवलेली श्रद्धा हाच पतीच्या, पुरोहिताच्या आणि वर्णाच्या अधिकाराला केलेला प्रश्न होता. गुरू कोणाला करावे हे आपले आपण ठरविण्याची मुखत्यारी तिने स्त्री असून आपल्या हाती घेतली. आणि ज्यांना तिने गुरू मानले त्या तुकोबांचा स्वतःचा अनुग्रहही बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नातच झालेला होता. दांभिक गुरूंवर त्यांनी अभंगांतून जे कोरडे ओढले आहेत ते सर्वश्रुत आहेत. रामेश्वर भटांसारख्या विद्वानाने ज्यांना कवित्व करण्याचा अधिकारच नाही असे ठरविले आणि ज्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, त्यांनी अधिकाराचा दाखला दुसऱ्या कोणाकडे मागावा तरी का? तोच रामेश्वर भट पुढे त्यांचा अनुयायी झाला, ही घटना अधिकार कोठून येतो या प्रश्नाचे पुरेसे उत्तर आहे.

समर्थ रामदासांची भूमिका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. ते स्वतः मठ स्थापणारे, महंत नेमणारे, संप्रदायाचा कारभार पाहणारे पुरुष होते. गुरुत्वाच्या संस्थेतील धोके त्यांनी आतून पाहिले असणार. दासबोधाच्या पाचव्या दशकात त्यांनी गुरूची लक्षणे शिष्याच्या लक्षणांच्या आधी सांगितली आहेत, म्हणजे पारखण्याचे काम प्रथम शिष्याच्या अंगावर टाकले आहे. चमत्कार दाखविणारालाही लोक गुरू म्हणतात, पण मोक्ष देणारा सद्गुरू तो नव्हे, असे स्पष्ट सांगितले आहे. आणि जो शिष्याला साधनेला लावीत नाही, इंद्रियनिग्रह करावयास लावीत नाही, असा गुरू कितीही स्वस्तात मिळाला तरी टाकावा, असे बजाविले आहे. जिच्यात प्रश्न विचारल्यास पाप लागते असे सांगण्यात येते त्या गुरुभक्तीच्या समर्थनार्थ दासबोधाचा हवाला देणाऱ्यांनी हा समास एकदा सावकाश वाचावा, एवढीच विनंती आहे.

येथवर ग्रंथांचा विचार झाला. परंतु प्रश्न जेव्हा न्यायालयाच्या इजलासासमोर येतो तेव्हा तत्त्वाचे रूपांतर माणसांच्या जबान्यांत होते, आणि ते पाहण्यासाठी मुंबईच्या इतिहासातील एका खटल्याइतके दुसरे साधन नाही. करसनदास मूळजी हे गुजराती वैष्णव कुटुंबात जन्मलेले, एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले गृहस्थ 'सत्यप्रकाश' नावाचे साप्ताहिक चालवीत. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्यांनी वल्लभसंप्रदायातील, म्हणजे पुष्टिमार्गातील, काही महाराजांच्या अनाचाराविरुद्ध, विशेषतः स्त्री-अनुयायांशी असलेल्या त्यांच्या वर्तनाविरुद्ध, लेख लिहिला आणि त्यात जदुनाथजी महाराजांचे नाव घेतले. महाराजांनी पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद केली. भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून, कोणीही महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये, दिल्यास त्याला ज्ञातीबाहेर टाकावे, असा बंदोबस्त केला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर स्वतंत्र खटला होऊन त्यांना दंड झाले. मूळ खटल्याची सुनावणी १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य म्हणून आपल्या माहितीतले सत्य शपथेवर सांगितले. संप्रदायाच्या ग्रंथांसंबंधी डॉ. जॉन विल्सन यांची साक्ष झाली. आणि सर्वांत मोठ्या धैर्याची गोष्ट म्हणजे मथुरादास लवजी यांच्यासारखे खुद्द भाटिया वैष्णव आपल्या ज्ञातीचा रोष पत्करून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. २२ एप्रिल १८६२ रोजी निवाडा झाला; लिहिले ते खरे होते हा करसनदासांचा मुख्य बचाव मान्य झाला, आणि न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी हा वाद धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे असा निर्वाळा दिला.

या खटल्यातून कोणी केवळ इंग्रजी न्यायाची थोरवी काढतात, कोणी एका संप्रदायाची नालस्ती करतात. मला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. पुष्टिमार्गातील भक्तीचे, संगीताचे आणि सेवेचे वैभव त्या निवाड्याने नष्ट झाले नाही आणि व्हावयाचे कारणही नव्हते. नष्ट व्हावयाचा होता तो एक समज, की गुरूच्या वर्तनाविषयी साक्ष देणे हाच धर्मद्रोह होय. हा समज मोडण्याचे काम संप्रदायाबाहेरच्या टीकाकाराला साधले नसते, कारण त्याला 'तो आपला नव्हे' एवढ्या एका वाक्याने बाजूला सारता आले असते. करसनदासांना आणि मथुरादासांना तसे बाजूला सारणे अवघड होते. म्हणून त्यांच्याविरुद्ध बहिष्काराचे हत्यार उपसावे लागले. जेथे गुरूच्या रक्षणासाठी अनुयायांची तोंडे बांधावी लागतात तेथे रक्षण कशाचे होत आहे, हे निराळे सांगण्याची गरज राहत नाही.

स्वतःच्या अधिकाराचा आपण होऊन त्याग करणारे आचार्यही आपल्या देशाने पाहिले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओम्मेन येथे जे. कृष्णमूर्तींनी, ज्या 'ऑर्डर ऑफ द स्टार' या संस्थेचे ते प्रमुख होते आणि जी त्यांनाच जगद्गुरू म्हणून पुढे आणण्यासाठी उभारली होती, ती ॲनी बेझंट यांच्या समक्ष विसर्जित केली आणि मिळालेल्या मालमत्ता देणाऱ्यांना परत केल्या. महाराष्ट्रात गाडगेमहाराजांनी तीच गोष्ट कोणत्याही घोषणेवाचून जन्मभर केली. दिवसभर हाती खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे. त्या कीर्तनात निरूपणापेक्षा प्रश्न अधिक, आणि त्यांची उत्तरे समोर बसलेल्या शेतकऱ्याने, मजुराने, बायाबापड्यांनी द्यावयाची. पाया पडू द्यावयाचे नाही, कोणाला शिष्य म्हणावयाचे नाही, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या तरी त्यांवर स्वतःचा हक्क ठेवावयाचा नाही, असा त्यांचा कडक नेम होता. कृष्णमूर्तींचा श्रोता बहुतांशी सुशिक्षित होता. ज्याला आयुष्यात कोणी कधी काही विचारलेच नव्हते अशा माणसाला गाडगेबाबांनी विचारते आणि उत्तर देते केले, म्हणून त्यांचे कार्य मला अधिक मूलगामी वाटते.

या सर्व साक्षीपुराव्यातून माझ्यापुरता जो निष्कर्ष निघतो तो असा की, परंपरेने ज्या समर्पणाची थोरवी गाइली ते अहंकाराचे समर्पण आहे, सदसद्विवेकाचे नव्हे. आपला मोठेपणा गुरुचरणी ठेवण्यास शिष्य मुखत्यार आहे. दुसऱ्याचे शील, दुसऱ्याची मालमत्ता, पोटच्या मुलांचे भवितव्य आणि शपथेवर सांगावयाचे सत्य या बाबी त्याच्या देण्याच्या नाहीतच, म्हणून त्या मागण्याचा अधिकारही कोणा गुरूला पोहोचत नाही. प्रश्न विचारणाराला कसे वागविले जाते, आलेल्या द्रव्याचा हिशेब कोणाला पाहावयास मिळतो, आणि दुखावलेल्या माणसाला गाऱ्हाणे मांडण्यास जागा आहे काय, एवढे पाहिले तरी अध्यात्माचे एक अक्षरही न कळणाऱ्या माणसाला पुष्कळ कळते. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे आटापिटा केला तो त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने संमत केला. चमत्काराच्या नावाने फसविणाऱ्या आणि अघोरी कृत्ये करणाऱ्या भोंदूला त्या कायद्याने शिक्षा होऊ शकते. परंतु कायदा हा अपराध घडल्यानंतर येतो, आणि फिर्याद देणारा पुढे आला तरच येतो. त्यापूर्वीची सारी वर्षे गुरूभोवती बसलेल्या मंडळींच्या हाती असतात.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या विभागात उपनिषदे, महाभारत आणि बौद्ध वाङ्मय यांतील गुरुशिष्यसंबंधाचा विचार आहे. दुसऱ्यात मराठी संतांचा, ज्ञानदेवांपासून बहिणाबाई व रामदासांपर्यंत. तिसऱ्यात महाराज-खटला आणि त्यानंतरच्या सुधारणेच्या चळवळी, त्यांत १८६७ चा प्रार्थनासमाज आणि देव व मनुष्य यांच्या मध्ये मध्यस्थ नको असे सांगणारा जोतीराव फुल्यांचा १८७३ चा सत्यशोधक समाज, यांचा परामर्श घेतला आहे. आणि चौथ्यात आजच्या काळातील आश्रम, मठ आणि सत्संग यांच्यासंबंधी काही व्यावहारिक विचार आहेत. हयात असलेल्या कोणाही आचार्याचा कैवार वा अधिक्षेप येथे केलेला नाही, कारण व्यक्तींवर निवाडे देण्यापेक्षा निवाडा करण्याची शक्ती वाचकाच्या ठायी वाढावी हा लेखनाचा उद्देश आहे.

ज्यांची कोणावरच श्रद्धा नाही अशांना या ग्रंथातून काही माहिती मिळेल. परंतु तो मुख्यत्वे ज्यांच्या देवघरात गुरूची तसबीर आहे त्यांच्यासाठी लिहिला आहे. गुरूचा अधिकार शेवटी शिष्यांनी दिलेला असतो. तो त्यांच्या नमस्कारांतून, त्यांच्या दक्षिणेतून आणि त्यांच्या मौनातून वाढतो. म्हणून त्या अधिकाराचा दुरुपयोग होऊन कोणा निराधार स्त्रीला वा अजाण मुलाला त्याची झळ लागली तर तिचे उत्तरदायित्व गुरूइतकेच त्याच्या सभोवती हात जोडून उभ्या राहिलेल्या आपणा सर्वांवर येते. जो गुरू खरा आहे त्याचे प्रश्नाने काहीही उणे होत नाही, हे पिप्पलादापासून गाडगेबाबांपर्यंतच्या आचरणाने सिद्ध झालेले आहे. आणि जो खरा नाही त्याच्यापासून दुबळ्यांचे रक्षण करण्याचे सामर्थ्य सर्वांआधी त्याच्याच अनुयायांच्या हाती असते. ते त्यांनी निर्भयपणे आणि वेळेवर वापरावे, इतक्यासाठी हा सारा खटाटोप आहे.